नवेगावबांध: पाळीवरची रोजनिशी

जानेवारी, दुसरा शनिवार. पहाट.

नवेगावबांधचा तलाव कोहमाऱ्याला महामार्ग सोडला की दक्षिणेला वीसेक किलोमीटर. नागपूरहून धरलं तर दीडशेच्या आसपास, गोंदियाहून पासष्ट. रेल्वेने यायचं तर गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं देवलगाव जवळ पडतं. पण उतरल्यावर ऑटो मिळेलच याची खात्री नाही, राहणार असाल तिथे आदल्या दिवशी सांगून ठेवावं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या धानाच्या बांध्या. इकडे भाताला धान म्हणतात आणि धुऱ्यांनी, म्हणजे शेताच्या मातीच्या बांधांनी, अडवलेल्या खाचराला बांधी. खुंटांमधून लाखोळी, हे डाळीचं पीक, हिरवी झालेली दिसते. धान उभा असतानाच, जमिनीत ओल आहे तोवर, तिचं बी फेकलेलं असतं. वेगळी नांगरट नाही, पाणीही नाही. या बांध्या आधी बघून घ्याव्यात, कारण तलाव त्यांच्यासाठी झाला. जंगलाला राष्ट्रीय उद्यान म्हणायला लागले ते १९७५ पासून, आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प तर २०१३ चा. तलाव त्याआधीचा, अडीचशेहून अधिक वर्षं जुना. वाघासाठी जिप्सी ठरवून आलेले बहुतेक जण पाण्याचा एक फोटो काढतात आणि निघतात. त्यांचं चुकतं असं नाही, पण इथलं मुख्य प्रकरण पाणी आहे.

साडेसहा.

या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास वर येतो. धुकं असेल तर आठपर्यंत काहीच दिसत नाही, तेव्हा गडबड करू नये. सकाळी जागा निवडताना एकच बघायचं: सूर्य पाठीशी हवा. उलट्या बाजूला बसलं की समोरची सगळी बदकं काळी, आणि काळ्या बदकांत फक्त आकार ओळखता येतात.

पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, माथ्यावर उभं राहायचं नाही. आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणसाची आकृती लांबून कळते आणि थवा आत सरकतो. माथ्यापासून चार-पाच फूट खाली, झुडपाला टेकून बसावं. पंधरा-वीस मिनिटं हललं नाही तर सरकलेले पक्षी परत कडेला येतात. टिबुकल्या आणि वारकरी आधी, कारण ते फारसे घाबरत नाहीत. वारकरी म्हणजे काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी. नाव ज्याने ठेवलं त्याला दाद द्यावी.

दुर्बीण ८×४२ पुरते. १०×५० घेऊन येणाऱ्यांचे हात दहा मिनिटांत थरथरायला लागतात. लांबच्या थव्यांसाठी तिवईवरचा स्कोप लागतो, तोही दहाच्या आत वापरायचा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा लहरते, मग साठपट मोठं केलेलं बदकही नुसतं थरथरणारा ठिपका.

मोजताना एकेक मोजू नये. दहा पक्ष्यांचा ठोकळा डोळ्यात बसवायचा आणि तो थव्यावर पुढे पुढे ठेवत जायचा. चूक होते ती दाट भागात: तिथे एका ठोकळ्यात वीस पक्षी बसतात आणि आकडा निम्मा येतो. म्हणून दोनदा मोजायचं, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून.

आठ.

तलावाचा विस्तार साधारण ११ चौरस किलोमीटर. इतकं पाणी, मग पक्षी इतके कमी का, असं नवखे विचारतात. उत्तर खोलीत आहे. तलवार बदक, थापट्या, चक्रांग ही बदकं बुडी मारत नाहीत. शेपटी वर करून मान पाण्यात घालायची आणि चोच पोचेल तेवढ्यातलं खायचं. त्यांना वीत-दीड वीत पाणी हवं. लालसरी बुडी मारते, ती थोडी आत जाते. पण मधल्या खोल पाण्याच्या तळाशी ना उजेड, ना वनस्पती. ते पाणी फक्त झोपायला, कारण तिथे कोल्हा येत नाही. खाणं सगळं उथळ कडेला. म्हणून यादी वाढवायची असेल तर या तलावावर दोन तास द्यावेत आणि उरलेली सकाळ आसपासच्या गावांच्या लहान, उथळ तलावांवर काढावी. अशा एकेका बोडीवर, म्हणजे लहान तलावावर, इथल्यापेक्षा जास्त जाती दिसतात. नावाच्या मोहाने लोक इथेच बसून राहतात.

पाण्यातलं मालडोंगरी बेट दुर्बिणीने नीट बघावं. पाणकावळे आणि तिरंदाज तिथे पंख वाळवत बसतात. तिरंदाज पोहताना फक्त मान वर ठेवतो, ती पहिल्यांदा बघणाऱ्याला हमखास साप वाटते.

दहा. उन्हात.

आता दुर्बीण ठेवून डोंगर मोजायचे. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. हा तलाव बांधला कोलू पाटील कोहळी यांनी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्यांची हुशारी बघायची तर टेकड्यांकडे नको, टेकड्यांच्या मधे बघा. भिंतीचं बरंचसं काम निसर्गाने आधीच केलेलं होतं. राहिलेल्या खिंडी तेवढ्या मातीच्या पाळीने बुजवल्या. थोड्या मातीत एवढं पाणी अडलं ते जागेच्या निवडीमुळे. समपातळी दाखवणारं यंत्र नाही, नकाशा नाही; पावसाळ्यात पाणी कुठून कुठे धावतं ते वर्षानुवर्षं बघून जागा हेरलेली. पुढे कोलू पाटलांचा कोलासूर देव झाला आणि त्याचं ठाणं टेकडीवर बसलं. पाटबंधाऱ्याच्या माणसाचा देव झाल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

कोहळी ही वैनगंगेच्या खोऱ्यातली तलाव बांधणारी जमात, ऊस आणि धान पिकवणारी. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजाने त्यांना काशीकडून आणलं अशी परंपरा सांगतात. नवेगाव, सिरेगाव, सिवनी, चांदपूर हे त्या हातचे मोठे तलाव. लहान तर गावोगाव.

तुडुम, म्हणजे तलावातून पाणी सोडायची जुनी सोय, बघायचं तर जवळच्या एखाद्या जुन्या लहान तलावावर जावं. पाळीच्या आतल्या अंगाला दगडी बांधकाम, त्यात पायऱ्यांसारखी एकाखाली एक भोकं, प्रत्येक भोकाला बूच. पाणी सोडायचं ते वरच्या भोकापासून, आणि पातळी उतरेल तसं खालचं. तलाव भरलेला असताना घाईने सगळ्यात खालचं बूच काढलं तर वरच्या पाण्याचा सगळा दाब त्या एका भोकावर येतो, पाण्याची धार पाट खरवडते आणि पहिल्या बांधीचा धुरा फोडते. बूच परत बसवणंही मग सोपं राहत नाही. आताच्या लोखंडी दारांना हा क्रम पाळावा लागत नाही, पण दार गंजून अर्धवट अडकलं की तिथेच सगळं थांबतं.

दुपार.

हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात होते तोवर दर उन्हाळ्यात गाव मिळून गाळ काढायचा, पाळीला माती द्यायचा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी’चं दोन अक्षरांत ‘मामा’ झालं. पूर्व विदर्भात असे मामा तलाव साडेसहा हजारांवर आहेत. मालगुजारीचे गोडवे गाण्याचं कारण नाही, तिच्यात वेठही होती. पण गाळ कुणी काढायचा हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत राहिला, हेही खरं.

गाळानंतरचा दुसरा शत्रू बेशरम. जांभळट फुलांचं, कंबरेपेक्षा उंच वाढणारं झाड, उथळ कडेला दाटी करतं. नाव योग्यच आहे: तोडून काठावर टाकलेलं कांडं ओल मिळाली की पुन्हा मूळ धरतं. कोयत्याने कापणं म्हणजे त्याची लागवडच. उन्हाळ्यात पाणी हटल्यावर मुळासकट खणायचं, पाण्यापासून लांब नेऊन वाळवायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं उगवलेलं रोप दिसेल तिथे उपटायचं. मोकळ्या जागेत तळ नांगरून पावसाच्या तोंडावर देवधानासारख्या (रानटी भात) स्थानिक वनस्पती लावल्या तर मासे आणि पक्षी दोन्ही परत येतात. ढिवर, म्हणजे मासेमार समाजाच्या, बायकांच्या गटांनी भंडारा-गोंदियात हे काम केलेलं आहे. कोणती वनस्पती मरळ माशाला लपायला आणि कोणती बदकांना खायला, हे त्यांना विचारावं. पुस्तकात एका ओळीत आटोपलेल्या गोष्टीवर त्या अर्धा तास बोलतात.

मासेमारीच्या जाळ्यांजवळ स्कोप लावून बसू नये. त्यांचं ते काम चाललेलं असतं.

वेळ उरला तर गोठणगावची तिबेटी वसाहत जवळ आहे. मात्र थंडीत बरीच माणसं स्वेटर विकायला शहरांत गेलेली असतात, तिथे फेब्रुवारीनंतर जावं.

संध्याकाळ.

साडेपाचनंतर पाळीवर परत. पट्टकादंब, हे थंडीतले पाहुणे रानहंस, आलेले असतील तर आता कळतं. दिवसभर पाण्यावर पेंगतात आणि अंधार पडताना कोवळ्या पिकावर चरायला निघतात. आधी आवाज, मग रांग. अंधार पडायच्या आत आपणही निघावं. जंगलातल्या रस्त्यावर रात्री गाडी हाकू नये. अंगभर कपडे आणि डासांचं मलम लागतंच, हा मलेरियाचा पट्टा आहे.

मार्च अखेर. पुरवणी.

उन्हाळी धानाला पाणी सुटलं की कडा उघड्या पडतात. बदकं बहुतेक गेलेली, पण चिखलात तुतवारं, शेकाटे आणि उघड्या चोचीचे करकोचे. हे करकोचे गोगलगायींवर असतात. कमळपक्षी राहिलेल्या पानांवर.

मोहाची फुलं गळायला लागली की पहाटे झाडांखाली फिरू नये. अस्वल त्याच वेळी त्याच फुलांसाठी येतं. खाली मान घालून खाताना त्याला माणूस उशिरा कळतो आणि दचकलेलं अस्वल थेट अंगावर येतं. फुलं वेचणारे म्हणूनच दोघं-तिघं मिळून, बोलत जातात. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करण्याची सवय अजून गेलेली नाही, आणि वणवे बरेचदा तिथूनच पेटतात. धूर दिसला तर वनरक्षकाला कळवावं, कुठल्या टेकडीच्या कुठल्या अंगाला ते नेमकं सांगून. त्यासाठी तरी सातबहिणींची दिशा लक्षात ठेवलेली बरी.

जुलै ते सप्टेंबर जंगल सफारी बंद. तलाव तेव्हा भरत असतो. अडई आणि काणूक ही बदकं त्या महिन्यांत झाडांच्या ढोल्यांत अंडी घालतात, ते पाळीवरूनही दिसतं.