पुन्हा चिनी

मंगळवारपासून मन थाऱ्यावर नाही, आणि कारण विचाराल तर कोणाला सांगावे इतके मोठेही नाही. नवे यंत्र बसवायला आलेले ते दोघे चिनी चाकणच्या आमच्या कँटीनमध्ये वरणभातावर स्वतःच्या बाटलीतले तिखट तेल ओतून जेवत होते, आणि मी समोर बसले होते. आमचे बोलणे नेहमीप्रमाणे मोबाईलमार्फत चालले होते. ते बोलत, मोबाईल इंग्रजीत वाचून दाखवी. मध्येच धाकट्याने मोबाईल बाजूला ठेवून थोरल्याला काहीतरी विचारले, मग माझ्याकडे पाहिले. थोरला घास न थांबवता म्हणाला, "था थिंगपुतुंग." म्हणजे, हिला समजत नाही.

मला समजले. धाकट्याचा प्रश्न समजला नाही, त्यानंतरचे तर अजिबातच नाही, पण हे वाक्य मात्र सुरासकट नीट समजले. त्या क्षणी राग आला असता तर ते स्वाभाविक ठरले असते. मला आनंद झाला. तोही असा, की मान खाली घालून ताटातली कोशिंबीर उगाच चिवडावी लागली. माझ्याविषयी माझ्यादेखत असे बोलले गेले आणि मी खूश झाले, हे काही नीट लक्षण नव्हे.

घरी आल्यावर मात्र तेच वाक्य बोचू लागले, कारण ते खरे होते. इतकी वर्षे, इतके पैसे, रविवारच्या सकाळी घालवलेले ते वर्ग, आणि शेवटी हाती काय, तर आपल्याला समजत नाही एवढे समजणे. तेव्हा चिनी शिकले ती पगारवाढीसाठी. चिनीच्या परीक्षेत तिसऱ्या पातळीला सहाशे शब्द लागत, ते घोकून परीक्षा दिली. चौथीला बाराशे लागत, आणि तेवढ्यात घरातले ते सगळे सुरू झाले. त्याविषयी आज नको.

त्यात मी सोलापूरची. सोलापूरच्या माणसाने चिनी म्हटले की समोरचा डॉ. कोटणीसांचे नाव काढतोच. ते १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्ध चालू असताना ती भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना तिच्यातूनच शिकवू लागले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. आदर वाटतोच; पण काकांनी लग्नाच्या पंगतीत हे सारे मला पुन्हा ऐकवले, तेव्हा आपली तिसरी पातळी पत्रावळीखाली लपवावीशी वाटली होती.

तरीही बुधवारी रात्री जुनी चौकटींची वही काढली. आधी आडवी रेघ, मग उभी. आणि चारी बाजूंनी बंद असलेले अक्षर असेल तर आतले सगळे लिहून झाल्यावर तळाची रेघ, माणसे घरात आल्यावर दार लावावे तशी. बोटांना हे आठवत होते, मला नव्हते. उच्चारांचेही तसेच. रोमन लिपीत बी दिसला की वर्गातले बाकीचे ब म्हणत, तिथे हवा असतो जवळजवळ आपला प. आणि जिथे पी लिहितात तिथे ओठ मिटून सोडलेला फ. चाकातला च आणि चहातला च वेगळे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही, आणि नेमका तोच फरक तिथे कामी येतो. एवढी आयती सोय असूनही मी इतकी वर्षे स्वतःला मठ्ठ समजत होते! शब्दाचा अर्थ ठरवणारे सूर मात्र अजून घसरतात. उतरता सूर घोटत होते, तर आई आतल्या खोलीतून म्हणाली, "कोणाशी भांडतेस एवढ्या रात्री?"

सुनीलने सरळ विचारले, की मोबाईल सगळे सांगतो तर आता याचा उपयोग काय. "काही नाही," असे मी म्हणाले, आणि म्हणताना बरे वाटले. हाताने लिहिण्याचा तर त्याहून नाही, कारण खुद्द चीनमधल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही हल्ली हाताने लिहिताना अक्षरे आठवेनाशी झाली आहेत. मोबाईलवर उच्चार टाइप करायचा आणि पुढे आलेल्या अक्षरांतून हवे ते निवडायचे, हीच सवय झाली आहे. म्हणजे ज्यांची भाषा आहे तेच विसरत चालले आहेत ते मी पंचेचाळिशीत, कोणी विचारत नसताना, गिरवत बसले आहे. पगारवाढ मिळणार नाही, कोणी प्रमाणपत्र मागणार नाही, कोटणीस तर होणारच नाही. मंगळवारी झालेला तो आनंद कसला होता, हे अजून नेमके सांगता येत नाही. तो पगारवाढीचा नव्हता, एवढे नक्की.

परीक्षेचा अर्ज भरणार का, असे अनघाने आज विचारले. नाही भरणार. वही तेवढी संपत आली आहे. तशी वही अप्पा बळवंत चौकातही मिळाली नाही, म्हणून पहिलीच्या मुलांची गणिताची, मोठ्या चौकटींची घेतली आहे. दुकानदाराने मुलगी कितवीत आहे असे विचारले, तर मी पहिलीत म्हणून सांगितले.