गेल्या वर्षीचा मार्च पुरा होता

१२ मार्च २०२४ ची सकाळ. विक्रीच्या रिपोर्टवरचं कार्ड लालभडक झालेलं: मार्च, गेल्या वर्षीच्या तुलनेत उणे ६४ टक्के. साहेबांनी स्क्रीनशॉट पाठवला होता, खाली नुसतं प्रश्नचिन्ह.

पॉवर बीआय या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमधलं मेजर, म्हणजे आकडा काढणारं सूत्र, साधंच होतं. कॅल्क्युलेट, म्हणजे अटी लावून हिशेब करणारं फंक्शन, आत विक्रीची बेरीज आणि सेमपीरियडलास्टइयर, म्हणजे निवडलेल्या तारखा एक वर्ष मागे सरकवणारं फंक्शन. त्या एका ओळीकडे मी तासभर बघत बसलो. चूक असायला तीत जागाच नव्हती.

मग जुन्या दुखण्यावर संशय गेला. एकदा सोर्स सिस्टीमने तारखेला वेळही चिकटवून पाठवायला सुरुवात केली होती. डेट टेबलमधली, म्हणजे सगळ्या तारखांच्या तक्त्यातली, प्रत्येक तारीख मध्यरात्रीची, ऑर्डर मात्र दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांची. दोन्ही जुळेनात, आणि जवळजवळ सगळी विक्री मॅट्रिक्सच्या, म्हणजे रिपोर्टवरच्या तक्त्याच्या, रिकाम्या ओळीत जाऊन बसली. एकूण बेरीज बरोबर असल्यामुळे बराच वेळ कुणाच्या लक्षातही आलं नाही. तेव्हा मी कॉलमचा फॉरमॅट बदलून मोकळा झालो होतो. त्याने फक्त दिसणं बदलतं, वेळ आत तशीच राहते. पॉवर क्वेरीत, म्हणजे डेटा आत घेताना तो नीट करायच्या भागात, कॉलमचा प्रकारच ‘तारीख’ करावा लागतो. या वेळी तिथे सगळं ठीक होतं. डेट टेबलही १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, एकही दिवस न गाळता, आणि ‘डेट टेबल’ म्हणून नोंदवलेलं.

शेवटी जे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं ते केलं. विक्री बाजूला ठेवली आणि सरकवलेल्या तारखांवरच तीन मेजर लिहिली: सर्वांत आधीची तारीख, सर्वांत नंतरची तारीख, आणि एकूण दिवस किती. उत्तर आलं: १ मार्च २०२३, ३१ मार्च २०२३, ३१ दिवस. म्हणजे यंदाचे ११ दिवस मी गेल्या वर्षीच्या अख्ख्या मार्चशी तोलत होतो. फंक्शनचं काहीच चुकलं नव्हतं. रिपोर्टवरच्या महिना निवडायच्या स्लायसरवर ‘मार्च’ निवडला की डेट टेबलमधले ३१च्या ३१ दिवस निवडले जातात. पुढच्या वीस दिवसांची विक्री अजून व्हायची आहे, हे त्याला कोण सांगणार?

ते सांगण्यासाठी डेट टेबलमध्ये एक खरं-खोटं सांगणारा कॉलम घातला: या तारखेपर्यंत विक्री आली आहे का. पहिल्या प्रयत्नात ही अट मी त्याच कॅल्क्युलेटमध्ये, सेमपीरियडलास्टइयरच्या शेजारी टाकली. आकडा ढिम्म हलला नाही. साहजिकच होतं, २०२३ च्या मार्चचे सगळेच दिवस होऊन गेलेले, तिथे अट लावून गळणार काय? आधी यंदाच्या तारखा कापायच्या, मग उरलेल्या मागे सरकवायच्या. सेमपीरियडलास्टइयर कॅल्क्युलेटटेबलमध्ये (आकड्याऐवजी तक्ता देणारा कॅल्क्युलेटचा भाऊ) गुंडाळून अट तिथे लावली.

तरीही उणे ६४! शेवटची विक्री कधीची, हे मी विक्रीच्या कमाल तारखेवरून काढत होतो, आणि कुणीतरी चाचणीसाठी ३१ डिसेंबर २०२४ ची एक ऑर्डर टाकून ठेवली होती. त्या एका नोंदीने अख्खं वर्ष ‘झालेलं’ ठरवलं. त्याऐवजी आजची तारीख देणारं टुडे वापरायचा मोह झाला होता, पण पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे, चालतं, म्हणजे रिफ्रेश कधी होतो त्यावर एका दिवसाचा घोळ. नोंद गाळली, तेव्हा कार्डावर उणे ३ आलं.

याच खटपटीत फेब्रुवारीतली एक गंमत सापडली. रोजच्या तक्त्यात २८ आणि २९ फेब्रुवारी २०२४, दोन्ही ओळींसमोर गेल्या वर्षीची विक्री तीच: २८ फेब्रुवारी २०२३ ची. खालच्या बेरजेत मात्र ती एकदाच धरलेली. ओळी एक्सेलमध्ये नेऊन बेरीज केली की फरक हमखास. इथे मी काही बदललं नाही, फक्त तळटीप टाकली.

उणे ३ चं कार्ड साहेबांना पाठवलं. उत्तर लगेच आलं: ‘गेल्या वर्षी या ११ दिवसांत रविवार किती होते?’

कॅलेंडर उघडलं. २०२३ मध्ये एक, ५ तारखेचा. यंदा दोन, ३ आणि १०. आणि रविवारी आमची विक्री बंद. मुकाट्याने दुसरं मेजर लिहिलं, तारखा हव्या तितक्या सरकवणारं डेटअ‍ॅड घेऊन ३६४ दिवस मागे, म्हणजे बरोबर ५२ आठवडे. आता तुलना ३ ते १३ मार्च २०२३ शी होती, दोन्हीकडे दोन-दोन रविवार. कार्ड हिरवं झालं. दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि प्रत्येकाखाली, कोणत्या तारखांशी तुलना आहे, ते छापलं. ती तीन तपासणीची मेजर अजून मॉडेलमध्ये आहेत, लपवून ठेवलेली.