मे महिन्यात थर्मल शोधणारी बाई

मे महिन्यात पुण्यात गरम कपडे शोधणं म्हणजे दिवाळीत हापूस मागणं. पारा ३९ वर आणि मी लक्ष्मी रोडला विचारत फिरतेय, "थर्मल आहेत का हो?" एका दुकानदाराने आधी बाहेरच्या उन्हाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "डिसेंबरात या," एवढंच म्हणाला. खरं तर बरोबरच होतं त्याचं. मे-जूनमध्ये विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे तिथल्या थंडीत जाणार असाल तर खरेदी आपल्याकडच्या आधीच्या हिवाळ्यात उरका. ट्रेकिंगच्या दुकानात आम्हाला थर्मल मिळाले, पण उरल्यासुरल्या मापांचे. ह्यांचे घोट्याच्या बरेच वर संपत होते.

आमचा अठरा दिवसांचा मार्ग असा: ऑस्ट्रेलियातलं केर्न्स आणि मेलबर्न, मग न्यूझीलंडमधलं क्वीन्सटाउन. जूनमध्ये केर्न्सला दुपारी साधारण २६ अंश, मेलबर्नला १४, आणि क्वीन्सटाउनला दिवसा ८ आणि पहाटे शून्याच्या आसपास. परतेपर्यंत पुण्यात पाऊस सुरू होणार, तो वेगळाच.

ह्यांनी माळ्यावरून काश्मीरच्या सहलीचे जाडजूड स्वेटर काढले, डांबरगोळ्यांच्या वासासकट. बॅग भरली २९ किलो, मर्यादा २३. रात्री साडेअकराला पुन्हा सगळं पलंगावर. तेव्हा सुचलं की जाड स्वेटर एकाच गावात कामाचा, पातळ कपडे एकावर एक घातले तर तिन्ही गावांत चालतात. मग माणशी मेरिनो लोकरीचे दोन पातळ टॉप, एक फ्लीस (मऊ, हलकं, उबदार जाकीट), वारा-पाऊस अडवणारं एक जाकीट, थर्मलची एक जोडी, कानटोपी, हातमोजे आणि तीन सुती कुर्ते, एवढ्यावर भागवलं. लोकरीचे टॉप तीन-तीन दिवस घातले तरी वास येत नाही. बाकीचं धुवायला मोटेलमध्ये नाणी टाकून चालणारी मशीन होती.

जीन्स मात्र मी हट्टाने नेली आणि पस्तावले. क्वीन्सटाउनहून बसने मिलफर्ड साउंडला, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीला गेलो. तिथे वर्षाला सुमारे ६,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या पुण्यात ७०० च्या आसपास. बोटीच्या डेकवर आमची पुणेरी छत्री पहिल्याच झोतात उलटी झाली, जाकिटाने तग धरला. जीन्स मात्र ओली झाली ती दोन दिवस वाळली नाही. ओला सुती कपडा अंगातली ऊब ओढून घेतो, लोकर दमट झाली तरी उबदार राहते.

त्याआधीची फजिती मेलबर्नची. केर्न्सहून निघताना ऊन होतं, म्हणून मी कुर्ता आणि चपला घालून विमानात बसले. मेलबर्नला आम्ही उतरलो, बॅग उतरली नाही. बाहेर ९ अंश आणि वारा! बॅग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, तोवर ह्यांचं फ्लीस मी आणि जाकीट ते, अशी वाटणी. तेव्हा गरम गाव पुढे असो की मागे, एक फ्लीस आणि पायमोजे हातातल्या सामानात ठेवाच.

आणि बूट घासा. न्यूझीलंडमध्ये शिरताना वापरलेले ट्रेकिंगचे बूट फॉर्मवर जाहीर करावे लागतात; मातीतून बी-बियाणं, रोग आत येऊ नयेत म्हणून. ह्यांच्या बुटांच्या खाचांत सिंहगडाची माती होती. आम्ही प्रामाणिकपणे 'हो' लिहिलं होतं, म्हणून अधिकारी बाईंनी बूट आत नेले आणि स्वच्छ करून परत दिले. लपवलं असतं तर ४०० डॉलर दंड होता. घरी जुन्या टूथब्रशने दहा मिनिटांचं काम.

उन्हाचा चष्मा आणि सनस्क्रीन हिवाळा म्हणून वगळू नका, बर्फावरून ऊन डोळ्यांत येतं. क्वीन्सटाउनला जूनमध्ये उजाडायलाच आठ वाजतात, त्यामुळे सकाळची बस पकडताना कानटोपी खिशात हवी, बॅगेच्या तळाशी नको.

परतीच्या बॅगेत जाकीट सगळ्यात वर ठेवा. मुंबईला उतरून टॅक्सीने येताना लोणावळ्याला चहाला थांबलो, तर धो धो. आमच्या दोघांखेरीज बाकी सगळे छपराखाली दाटीने उभे होते.