फ्लेक्स-डायरेक्शन बदललं की नक्की काय फिरतं?

फ्लेक्सबॉक्स (वेबपानावरचे आयटम ओळीत मांडायची सीएसएसची पद्धत) शिकवताना फ्लेक्स-डायरेक्शन, म्हणजे ते आयटम कुठल्या दिशेने लागतील हे ठरवणारी प्रॉपर्टी, सगळे दोन मिनिटांत उरकतात. चारच तर व्हॅल्यू, रो, रो-रिव्हर्स, कॉलम, कॉलम-रिव्हर्स, आडवं उभं सरळ उलटं, झालं. मग मोबाईलसाठी मीडिया क्वेरीत (ठराविक रुंदीच्या स्क्रीनलाच लागू होणाऱ्या सीएसएसमध्ये) कॉलम लिहिलं की अख्खं लेआउट अंगावर येतं.

कारण ही प्रॉपर्टी नुसते आयटम हलवत नाही, मेन ॲक्सिसच, म्हणजे आयटम ज्या रेषेत लागतात तीच, फिरवते, आणि बाकीच्या प्रॉपर्टी त्या ॲक्सिसला बांधलेल्या असतात. आयटम कुठे सरकवायचे हे सांगणाऱ्या दोन प्रॉपर्टींपैकी जस्टिफाय-कंटेंट कायम मेन ॲक्सिसवर, अलाईन-आयटम्स कायम क्रॉसवर, म्हणजे मेनला आडव्या छेदणाऱ्या ॲक्सिसवर. रोमध्ये जस्टिफाय म्हणजे डावं-उजवं, कॉलम केलं की तेच वर-खाली बघतं. "जस्टिफाय म्हणजे आडवं" असं पाठ केलं असेल तर गाडी इथेच अडते. बरं, कॉलममध्ये जस्टिफाय-कंटेंट सेंटर टाकलं तरी बऱ्याचदा काहीच हलत नाही, आणि लोक ब्राउझरला शिव्या घालतात, पण कंटेनरची हाईट आतल्या मजकुराएवढीच असेल तर मोकळी जागाच उरत नाही, मधोमध आणणार कशात? मिन-हाईट १०० व्हीएच, म्हणजे निदान पूर्ण स्क्रीनएवढी उंची द्या, लगेच येतं.

फ्लेक्स-बेसिसचा, म्हणजे आयटमच्या मेन ॲक्सिसवरच्या सुरुवातीच्या मापाचा, झोल तर त्याहून भारी. रोमध्ये कार्डाला २०० पिक्सेल बेसिस दिलं की ती रुंदी असते, कॉलम झालं की तेच २०० पिक्सेल उंची होऊन बसते आणि दोन ओळींचं कार्ड खाली उगाच रिकामं दिसतं. कॉलम करताना बेसिस ऑटो करून टाकायचं.

रिव्हर्सवाल्या दोन्ही व्हॅल्यूंपासून मी शक्यतो लांबच राहते. त्या फक्त दिसण्याचा क्रम उलटवतात, एचटीएमएलमधला क्रम तसाच राहतो, त्यामुळे टॅब दाबला की फोकस (कीबोर्डने निवडलेली जागा) उलटा उड्या मारत जातो आणि स्क्रीन रीडरपण (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) सहसा जुन्याच क्रमाने वाचतो. नुसतं बटण उजवीकडे न्यायचं असेल तर मार्जिन-लेफ्ट ऑटो पुरतं की! आणि अरबी-उर्दू पानासाठी रो-रिव्हर्स लावणाऱ्यांनो, गरजच नाही, रो मुळात लिपीच्या दिशेनेच चालतं, एचटीएमएलमधलं दिशा सांगणारं डिर ॲट्रिब्यूट आरटीएल (उजवीकडून डावीकडे) केलं की ते आपोआप उजवीकडून सुरू होतं, वर रिव्हर्स लावलंत तर परत डावीकडे याल.

एक ठिकाण मात्र आहे जिथे कॉलम-रिव्हर्स मी आवडीने लावते, चॅटची विंडो. स्क्रोल होणाऱ्या डब्याला ते दिलं की स्क्रोल सुरुवातीपासूनच तळाशी असतो, म्हणजे नवे मेसेज समोर, जावास्क्रिप्ट शून्य. फक्त मेसेज थेट त्या डब्यात टाकू नका, आत एकच साधा डिव्ह (एचटीएमएलचा रिकामा डबा) ठेवा आणि सगळे मेसेज त्यात नेहमीच्या क्रमाने, मग उलटायला एकच आयटम असतो आणि वाचायचा क्रमही सरळ राहतो.