कडबनवाडीचा माळ आणि "इथे विमान उतरेल का"

थंडीत पुण्याहून कडबनवाडीला जाऊन आलो, इंदापूर तालुक्यात, वनखात्याची ग्रासलँड सफारी आहे ना तिथे. गेलो होतो चिंकारा बघायला, पण सोबत पायलट ट्रेनिंग केलेला मित्र होता आणि गावही नेमकं तेच, जुलै 2022 मध्ये बारामतीहून उडालेलं ट्रेनिंगचं छोटं विमान, सेसना 152, इंजिनची पॉवर गेल्यामुळे इथल्याच शेतात उतरलं होतं. शिकाऊ मुलगी एकटी होती, किरकोळ लागण्यावर निभावलं.

सफारी झाली, चिंकारा दिसले, छान. मग एका पडीक रानात, इथे विमान उतरेल का ते बघत, मालकाला विचारून फिरलो. गाडीतून सपाट वाटणारा माळ पायाखाली वेगळाच निघतो, मुरूम, दगड, गवतात लपलेले चर. मित्र म्हणाला पुढचं चाक चरात किंवा नांगरटीत रुतलं की विमान नाकावर जातं, कधी पार उलटतं, म्हणून फ्लॅप (वेग कमी ठेवायला पंखाच्या मागच्या कडेच्या खाली येणाऱ्या पट्ट्या) पूर्ण, स्पीड कमीत कमी, टेकल्यावरही नाक वर धरून ठेवायचं आणि ब्रेक जोरात मारायचा नाही. नांगरलेलं रान असेल तर तासाच्या, म्हणजे नांगराच्या ओळींच्या, दिशेनेच उतरायचं, आडवं नाही. आणि ऊस! वरून हिरवंगार लॉन, खाली डोक्यापेक्षा उंच. इकडे तर जिकडे तिकडे तोच.

वाऱ्याचं गणित मला आवडलं. 50 नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) टेकणारं विमान 10 नॉटचा वारा समोरून असेल तर जमिनीवर 40 ने धावतं, मागून असेल तर 60 ने, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते म्हणजे थेट सव्वादोन पट. पावसाळ्यात इथे वारा पश्चिमेचा, म्हणजे तोंड साधारण पुण्याकडे करून उतरायचं. विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत, खांब शोधायचे.

जाणार असाल तर बुकिंग आधी ऑनलाइन करा, सकाळचीच सफारी घ्या, हडपसरचं ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत निघा, सोलापूर हायवेने भिगवणच्या पुढे जाऊन मग आत वळायचं. बूट घाला, कुसळं मोज्यात शिरतात. येताना भिगवणला मासे खा, हे सांगायला नकोच. अपघाताची जागा मात्र शोधत बसू नका, कुणाच्या तरी पोटापाण्याचं रान आहे ते.

आणि कधी असं विमान खरंच शेजारी उतरलंच तर आधी 112 ला फोन, विडी-सिगारेट लांब कारण पंखांत पेट्रोल असतं, नाकावरचा फिरता पंखा (प्रोपेलर) थांबलेला असला तरी हात लावू नका, आणि माणूस बाहेर काढल्यावर बाकी काही हलवू नका, चौकशीवाल्यांना ते जसंच्या तसं लागतं.