लेक डिस्ट्रिक्टमध्ये पोटभर

इंग्लंडहून परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, लंडन कसं वाटलं? लंडन आवडलं. पण लिहायला बसले आहे ती लेक डिस्ट्रिक्ट या तळ्या-डोंगरांच्या भागातल्या केझिक नावाच्या छोट्या गावातल्या एका पबबद्दल आणि तिथल्या स्वयंपाकीणबाईंबद्दल. कित्येक वर्षांनी मी बाहेर, अनोळखी माणसांच्या हातचं, छातीत धडधड न होता जेवले.

मला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. एवढं सांगितलं की समोरच्याला वाटतं आपल्याला कळलं. "हो हो, आमच्या काकूंनाही दूध पचत नाही." काकूंचा त्रास वेगळा. दूध न पचणाऱ्या माणसाला लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, सोसत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात, दिवस खराब जातो. माझं शरीर दुधातल्या प्रथिनांवर तुटून पडतं. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आवळत जातो, रक्तदाब कोसळतो. त्यामुळे 'लॅक्टोज फ्री' दूध मला साध्या दुधाइतकंच धोक्याचं, कारण त्यातली साखर मोडलेली असते आणि प्रथिनं जागच्या जागी असतात. ही अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांची ती वाढत्या वयात जाते. माझी राहिली. पर्समध्ये कायम अ‍ॅड्रेनॅलिनची दोन इंजेक्शन-पेनं असतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायची, वेळ पडली तर कपड्यावरूनच. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं. टोचल्यावर मला आडवं ठेवायचं, उठू द्यायचं नाही, चालू द्यायचं नाही. हे सगळं ताईला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मी प्रवास करू शकते तो तिच्यामुळे.

ब्रिटन निवडलं त्यामागेही हेच कारण होतं. डिसेंबर २०१४ पासून तिथल्या प्रत्येक खाद्यगृहाला आपल्या पदार्थांत १४ ठरावीक अ‍ॅलर्जीकारक घटकांपैकी काय आहे ते विचारणाऱ्याला सांगावंच लागतं. यादीत दूध, अंडी, शेंगदाणे, तीळ, मोहरी आहेत, सेलरी आणि ल्युपिन नावाचं कडधान्यसुद्धा आहे. दुकानातच बनवून, बांधून ठेवलेल्या सँडविचसारख्या पदार्थांवर संपूर्ण घटकयादी छापणं ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीचं झालं. त्याला 'नताशाज लॉ' म्हणतात. नताशा एडनान-लपरूझ ही १५ वर्षांची मुलगी २०१६ साली विमान पकडण्याआधी घेतलेलं एक बगेट, म्हणजे लांबट पावाचं सँडविच, खाऊन दगावली. पावाच्या पिठातच तीळ होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. त्या कायद्याचा फायदा मला रोज होत होता. पाकीट उलटायचं, ठळक अक्षरांत 'मिल्क' शोधायचं. दूध कुठे कुठे असतं हे पाहून ताई थक्क झाली. बटाट्याच्या चिप्सवरच्या मसाल्यात, सॉसेजमध्ये, काळ्या चॉकलेटमध्ये, पावात. पण काय आहे ते कळत होतं, आणि मला तेवढं पुरतं.

हॉटेलात मात्र ही माहिती तोंडी दिली तरी चालते. तोंडी आलं की सगळं सांगणाऱ्या माणसावर येतं.

लंडनमधल्या एका भारतीय हॉटेलात आम्ही मोठ्या आशेने गेलो. भाषा कळेल, पदार्थ माहितीचे असतील, समजावणं सोपं जाईल असं वाटलं होतं. वेटर हसतमुख होता. मी माझं छापील कार्ड दिलं: दूध, लोणी, तूप, साय, दही, पनीर, काहीही चालत नाही, जिवाला धोका आहे. त्याने ते वाचल्यासारखं केलं, परत दिलं आणि म्हणाला, "मॅडम, काळजी करू नका." मी विचारलं, डाळीला फोडणी कशाची? म्हणाला, "तूप. पण तुपात दूध कुठे असतं? आणि थोडंसं तर असतं." तूप कढवताना दुधातली बहुतेक प्रथिनं बेरीच्या रूपाने खाली बसतात हे खरं. पण अंश उरतो, आणि मला अंश पुरतो. मी म्हटलं, आत विचारून याल का? तो आत जाऊन इतक्या लवकर परतला की कुणाला विचारायला वेळच नव्हता. "सगळं ओके आहे, मॅडम." मग वर, "व्हीगन मेनूमधलं घ्या ना, त्यात प्रश्नच नाही."

प्रश्न त्यातच आहे. व्हीगन म्हणजे कृतीत प्राण्यापासून आलेला घटक घातलेला नाही, एवढंच. त्याच कढईत आधी पनीर परतलं होतं का, तोच डाव मखनीच्या पातेल्यातून आला का, याबद्दल ते लेबल काही बोलत नाही. व्हीगन जेवणारा माणूस चुकून थेंबभर लोणी पोटात गेलं तर दुखावतो, माझा श्वास बंद होऊ शकतो. ब्रिटनची अन्न मानक संस्थाही सांगते की व्हीगन या शब्दावर अ‍ॅलर्जीवाल्यांनी विसंबू नये.

आम्ही उठलो. वेटरला राग आला. ताईने त्याला शांतपणे सांगितलं, "तुम्ही नाही म्हणाला असतात तर आम्ही आभार मानून गेलो असतो." मला दुःख याचं झालं, की जिथे सर्वांत कमी समजावावं लागेल असं वाटलं, तिथेच मला नखरेल ठरवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी थेम्सच्या काठाने चालताना लंडन आय हे अवाढव्य फिरतं चाक समोर आलं. सगळे फोटो काढत होते. मला ओवेन केरी आठवत होता. २०१७ च्या एप्रिलमध्ये, आपल्या १८ व्या वाढदिवशी, तो लंडनमधल्या एका हॉटेलात जेवला. दुधाची अ‍ॅलर्जी असल्याचं त्याने तिथे सांगितलं होतं. कोंबडी ताकात मुरवलेली होती. मेनूवर ताकाचं नाव नव्हतं. तासाभराच्या आत तो या लंडन आयजवळ कोसळला. तो वाचला नाही. कॉरोनरच्या, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीत हे सगळं नोंदलं गेलं. त्याचं कुटुंब तेव्हापासून झटतंय की अ‍ॅलर्जीची माहिती मेनूवर लिहिलेलीच हवी, बोलण्यावर सोडायला नको. २०२५ मध्ये सरकारी मार्गदर्शनात 'लिखित द्या आणि शिवाय बोला' असं आलं, पण ते मार्गदर्शनच आहे, सक्ती नाही. मी त्या चाकाखाली उभी होते आणि मला आदल्या संध्याकाळचं "सगळं ओके आहे" ऐकू येत होतं. ताई म्हणाली, चल, इथून निघू. लंडनचे उरलेले दिवस आम्ही सुपरमार्केटच्या पाकिटांवर काढले. संग्रहालयं पाहिली, पाय दुखले, बस.

युस्टनहून गाडी, ऑक्सनहोमला बदलून विंडरमीअर, तिथून ५५५ नंबरची बस. या बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर दुसरं कुठलंही पर्यटन करू नका. अ‍ॅम्बलसाइड, ग्रासमीअर, थर्लमीअरचं पाणी आणि मग केझिक. पाऊस होता. तिथे बहुतेक असतोच.

कॅटबेल्स हा ४५१ मीटरचा डोंगर. आकड्यावर जाऊ नका, माथ्याजवळ हात टेकून चढावं लागतं. वरून डर्वेंटवॉटर हे तळं पूर्ण दिसतं, बेटांसकट. उतरताना भूक लागली होती आणि सोबत मनात हिशेब सुरू झाला होता. व्यायामानंतर लगेच खाल्लं तर अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया जास्त तीव्र होऊ शकते, म्हणून मी डोंगर उतरल्याबरोबर बाहेरचं काही खात नाही. खोलीवर जाऊन अंघोळ, तासभर आराम, मग बाहेर. आणि बाहेर म्हणजे पुन्हा तेच: कार्ड, हसू, काळजी करू नका.

पब साधा होता. ओले बूट, ओली कुत्री, कोपऱ्यात शेकोटी. काउंटरवरच्या मुलीने कार्ड घेतलं आणि म्हणाली, "मी यातलं काही सांगणार नाही. शेफना बोलावते." पाच मिनिटांनी पन्नाशीच्या एक बाई अ‍ॅप्रनला हात पुसत बाहेर आल्या, खुर्ची ओढून आमच्यासमोर बसल्या. बसल्या! संध्याकाळचे सात वाजले होते, पब भरलेला होता.

त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. केक-बिस्किटात भाजून निघालेलं दूध तरी चालतं का, की तेही नाही? इतक्यात कधी झालं होतं, आणि केवढ्याने? औषध आत्ता जवळ आहे की खोलीवर? ते ताईंना देता येतं का? ताईने पेन काढून दाखवलं. बाई म्हणाल्या, "इथे अ‍ॅम्ब्युलन्स शहरासारखी झटकन पोचेलच असं नाही, म्हणून विचारते."

मग त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघराची उलटतपासणी माझ्यासमोर केली. तळलेलं काही देणार नाही, त्याच तेलात चीजचे तुकडे तळतो. तव्यावरचं काही नाही, तव्याला दिवसभर लोणी लागतं. कुस्करलेल्या बटाट्याचा मॅश नाही, सूप नाही, ग्रेव्ही तर नाहीच. पाव बाहेरून येतो, लेबल दाखवते, पण कापायची सुरी सगळ्यांची एकच आहे, तेव्हा तोही नको. एकेक पदार्थ त्या खोडत गेल्या आणि मी निश्चिंत होत गेले. शेवटी म्हणाल्या, "ट्राउट मासा आहे. नवीन फॉइलमध्ये बंद करून ओव्हनमध्ये भाजते, वरच्या कप्प्यात, म्हणजे वरून काही सांडणार नाही. बटाटे वेगळ्या पातेल्यात उकडते. मटार न फोडलेल्या पाकिटातले. तेलाची नवी बाटली उघडते. मीठ, लिंबू. बाकी काही घालणार नाही. चव साधी असेल, चालेल?"

मला उत्तर देता येईना. ताईनेच "चालेल, चालेल" म्हटलं.

पाऊण तास लागला. ताट त्यांनी स्वतः आणलं, वर दुसरं ताट झाकून, म्हणजे आतून बाहेर येईपर्यंत कुणाचा चमचा, कुणाचा सॉस लागायला नको. तेलाची बाटली आणि मटारचं पाकीटही सोबत आणलं होतं, मी वाचावं म्हणून. मी वाचलं. त्या उभ्या राहिल्या, घाई केली नाही. फॉइल माझ्यासमोर उघडलं. मासा ताजा होता, बटाट्यांची सालं पातळ, गोडसर. मी पहिला घास नेहमीसारखा ओठाला लावून थांबले, वाट पाहिली. बाई काउंटरपाशी उभ्या राहून तेवढा वेळ माझ्याकडे बघत होत्या. मी खायला लागले तेव्हा त्या आत गेल्या.

मी सगळं संपवलं, बटाट्याच्या सालासकट. ताईने स्वतःसाठी लोणी चोपडलेलं काहीच मागवलं नव्हतं, तिनेही तेच खाल्लं, आणि मासा इतका चांगला होता की तिने आणखी बटाटे मागितले. बिलात जादा काही लावलं नव्हतं. निघताना मी आत डोकावून आभार मानले तर बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून करता आलं."

घरच्यांना हे वाचताना वाटेल, एका उकडलेल्या बटाट्याचं केवढं कौतुक. पण इतरांना जी गोष्ट मेनूवर बोट ठेवून मिळते तिच्यासाठी मला दरवेळी अनोळखी माणसाच्या लक्षावर, त्याच्या थकव्यावर, त्याच्या मूडवर जीव ठेवावा लागतो. ज्याने उलट प्रश्न विचारले त्याच्या हातचं खायला मी तयार असते. ज्याने एकही प्रश्न न विचारता खात्री दिली त्याच्याकडे पाणीसुद्धा बाटलीबंद घेते.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही पुन्हा तिथेच गेलो. बाईंची सुट्टी होती. आतून विशी-बाविशीचा एक मुलगा आला, कार्ड वाचलं, फळीवरची अ‍ॅलर्जीची फाइल काढून पानं उलटली, मग म्हणाला, "काल शेफनी काय केलं ते मला सांगितलंय. पण आज आत मी एकटा आहे आणि गर्दी आहे. माझ्याकडून ते नीट होईल याची मला खात्री नाही. तुम्हाला आज देऊ शकत नाही. सॉरी." त्याचे कान लाल झाले होते. गावात कुठली दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात ते त्याने कागदावर लिहून दिलं. आम्ही केळी आणि पाकीटबंद भात घेऊन खोलीवर जेवलो. ताईला वाईट वाटलं, मला नाही. लंडनच्या त्या हॉटेलात मला नेमकं हेच उत्तर हवं होतं.

पुढे एडिंबरा. किल्ला, वारा, चढ, सुंदर.

विमानतळावर बसल्या बसल्या मी पबच्या मालकांना ईमेल लिहिला. शेफबाईंबद्दल एक परिच्छेद आणि त्या मुलाबद्दल दोन. ज्याने गिऱ्हाईक परत पाठवलं त्याला मालकाचं बोलणं खावं लागू नये, म्हणून त्याचा नकार बरोबर का होता ते सविस्तर लिहिलं, आणि पुढच्या वेळी आले तर तो आत एकटा असताना मी काहीच मागणार नाही, बाई असतील तेव्हा ट्राउट मागेन, असंही.