गांडूळपेटी, आठवडा ११: ताट वाढायची घाई

मागच्या नोंदीत मोठ्या थाटात लिहिलं होतं की आता खतासाठी पेटीत पाळलेल्या गांडुळांना रोज २०० ग्रॅम भाज्या-फळांची सालं खाऊ घालणार. तो बेत चौथ्या दिवशी आंबला. अक्षरशः.

हिशेब साधा होता. पेटीत आयसेनिया फेटिडा जातीची ५०० ग्रॅम गांडुळं. सगळं जुळून आलं तर ही गांडुळं दिवसाला आपल्या वजनाच्या निम्मं खातात, म्हणजे २५० ग्रॅम. हात राखून २००. गणित बरोबर, फक्त ‘सगळं जुळून आलं तर’ एवढं मी वाचूनही सोडून दिलं. गांडुळांना दात नसतात, ताजी साल ती कुरतडत नाहीत. बुरशी आणि जिवाणू आधी ती मऊ करतात, मग तो लगदा जिवाणूंसकट त्यांच्या पोटात जातो. इथे स्वयंपाक व्हायच्या आत मी पुढचं ताट वाढत होतो.

झाकण उघडलं तर आंबूस वास, एक कोपरा हाताला कोमट, वीसेक गांडुळं झाकणाला चिकटलेली. आणि पांढरे, दोऱ्यासारखे बारीक जीव शेकड्यांनी! पिल्लं झाली म्हणून अर्धा दिवस खूश होतो. पिल्लं नव्हती ती. गांडुळाचं पिल्लू पारदर्शक असतं, आतली लाल रेघ दिसते. हे दुधासारखे पांढरेच राहतात. पॉट वर्म. गांडुळांना त्यांचा त्रास नाही, पण ते माजले की ओल आणि आंबटपणा वाढला असं समजायचं.

न कुजलेलं सगळं उपसलं, पुठ्ठा फाडून तळापर्यंत मिसळला, अंड्याच्या टरफलांची पूड मूठभर टाकली आणि ९ दिवस काहीही घातलं नाही. (टरफलाची पूड आंबटपणा फार सावकाश मारते. खरं काम कोरड्या पुठ्ठ्यानं केलं. पण गांडुळाच्या पोटात अन्न दळायला ती कणी लागतेच, म्हणून ती चालू ठेवलीय.) पाचव्या दिवशी वास गेला.

आता एका वेळी एकच कोपरा. खाऊ पुरायचा, वर पुठ्ठ्याचा थर द्यायचा, आणि तिथलं ओळखू येईनासं झालं की मगच पुढचा कोपरा. वजनकाटा कपाटात गेला.

केळीच्या सालीची परीक्षा मात्र घेतली. ताजी साल नाहीशी व्हायला ९ दिवस लागले. फ्रीजरमध्ये गोठवून नंतर वितळवलेली ४ दिवसांत संपली. गोठताना पेशी फुटतात, तिथेच निम्मं काम होतं. कलिंगडाच्या सालीवर दुसऱ्याच दिवशी झुंबड, पण तिचं पाणी फार सुटतं. तेवढाच पुठ्ठा सोबत हवा. गाजराची सालं अजून जशीच्या तशी. कांदा आणि लिंबू मी घालतच नाही.

काल त्याच कलिंगडाच्या सालीखाली १४ कोकून, म्हणजे गांडुळांच्या अंड्यांच्या कुप्या, मोजले. लिंबाच्या आकाराचे, मोहरीपेक्षा किंचित मोठे. तीन लालसर झालेत, म्हणजे फुटायच्या बेतात. त्या कोपऱ्याला आठवडाभर हात लावायचा नाही असं ठरवलंय, आणि ठरवून दोनदा डोकावून झालंय.